पेंच खोऱ्यातली शेगडी : कोळसा-कामगाराच्या घराचा इतिहास

असीरगडाचा इतिहास आपल्या मंडळींना जवळजवळ पाठ आहे. १६०१ मध्ये अकबराने किल्ला घेतला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो बुऱ्हाणपुरासह निजामाकडून पेशव्यांकडे आला. पुढे शिंद्यांकडे राहिला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून जिंकला. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी यातल्या कशावर तरी लेख असतो आणि तो असावाच. या वर्षी मात्र वाचकांना याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या पेंच आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत घेऊन जावे असे मनात आले. तिथे किल्ला नाही, तट नाही, तोफा नाहीत. कोळशाच्या खाणी आहेत, आणि त्या खाणींच्या भोवती तीन-चार पिढ्या संसार केलेली घरे आहेत.

आपला आणि त्या घरांचा संबंध काय, असे कुणी विचारील. पहिला संबंध दगडाचा. असीरगड ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो लाव्हारसाचा, दख्खनचा पाषाण. पेंच खोऱ्याच्या दक्षिण बाजूला हाच पाषाण वर पसरलेला आहे आणि त्याच्या खाली, त्याहून फार जुने असे गोंडवन खडक आहेत. कोळसा त्यांत आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी हे नाव गोंडांच्या देशावरूनच घेतले. दुसरा संबंध आगगाडीचा आणि गिरण्यांचा. आपल्या आजोबांची पिढी ज्या गाडीने भुसावळला किंवा खंडव्याला जात असे ती कोळशावर चालत होती. तिसरा संबंध राज्याचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला निमाड आणि तो छिंदवाडा एकाच जुन्या प्रांतात होते आणि दोघांची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. बुऱ्हाणपूर, मुलताई, सौंसर, पांढुर्णा इथली मराठी माणसे मध्य प्रदेशात राहिली. त्यामुळे परासियाच्या खाणीत हजेरीबाबू, वीजतंत्री, ओव्हरमन म्हणून लागलेली मराठी कुटुंबे आपल्यासारखीच, घरात मराठी आणि अंगणात हिंदी बोलणारी आहेत.

मध्य प्रांतात कोळसा निघू लागला तो प्रथम नर्मदेच्या खोऱ्यात. नरसिंहपूर जिल्ह्यात मोहपानी येथे १८६२ पासून नर्मदा कोल अँड आयर्न कंपनीचे काम सुरू झाले. पुढे १९०४ मध्ये ही खाण जी.आय.पी. रेल्वेने विकत घेतली. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात चालू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पेंच खोऱ्यात खाणी सुरू झाल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, छिंदवाड्यापर्यंत नॅरो गेज रेल्वे आली तेव्हा. शॉ वॉलेस ही तिथली मोठी व्यवस्थापक कंपनी. बडकुही, चांदामेटा, न्यूटन चिखली, एकलेहरा, पलीकडे जुन्नारदेव, दमुआ ही नावे तेव्हापासून नकाशावर ठळक झाली.

या इतिहासाची पुस्तके पाहिली तर त्यांत टनांचे आकडे असतात, कंपन्यांची नावे असतात, रेल्वेचे फाटे असतात. कामगार असतो तो डोक्यांच्या संख्येत. त्याचे घर क्वचितच येते. माझे म्हणणे असे, की कोळशाच्या खाणीचा कुठलाही मोठा फेरबदल, मग तो कायदा असो, महायुद्ध असो की राष्ट्रीयीकरण, त्याचा परिणाम आधी त्या घरातल्या चुलीवर दिसला. आणि त्या चुलीपाशी जी बाई होती, तिचे नाव सरकारदप्तरी कधी एका सदरात तर कधी दुसऱ्या सदरात लिहिले गेले. तेवढा एक धागा धरून हा लेख आहे.

सुरुवातीच्या काळात खाणीत एकटा पुरुष जात नसे. जोडपे जात असे. आसपासच्या खेड्यांतली गोंड व इतर शेतमजूर कुटुंबे पेरणी-कापणी संपली की खाणीवर येत आणि पाऊस पडला की परतत. मजुरी मिळे ती भरलेल्या टबावर. टब म्हणजे रुळांवरून ढकलायची लोखंडी गाडी. नवरा कुदळीने कोळसा फोडी, बायको टोपलीत भरून टबापर्यंत नेई. आपल्याकडे विटाभट्टीवर किंवा ऊसतोडीला ‘कोयता’ म्हणून जोडपे धरतात, तसाच हा प्रकार. मध्य प्रांतात अशा मजूर बाईला ‘रेजा’ म्हणत. लहान मूल असले तर तेही सोबत. त्याला काळोखात एका बाजूला निजवायचे, रडू नये म्हणून अफूची बारीक गोळी द्यायची, ही रीत त्या काळी गिरण्यांत होती तशी खाणींतही होती. तेव्हा ‘घर’ आणि ‘काम’ अशा दोन जागाच नव्हत्या. आईच्या पाठीमागे घरही खाणीत उतरत होते.

१९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीत मज्जाव केला. त्यानंतर पाळी आली स्त्रियांची. १९२९ मध्ये सरकारने नियम केला, की स्त्रियांनी जमिनीखाली काम करू नये. मात्र बंगाल, बिहार आणि मध्य प्रांत इथल्या कोळसाखाणींतून त्यांना एकदम काढणे शक्य नव्हते, म्हणून दरवर्षी थोड्या थोड्या कमी करत दहा वर्षांत ही संख्या शून्यावर आणायची ठरली. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही असाच करार केला आणि १९३० चे दशक संपण्याच्या आत भारतातल्या खाणींतून स्त्रिया वर आल्या.

हा कायदा चांगला होता याबद्दल दुमत नसावे. गरोदर बाईने उतारावरून डोक्यावर कोळसा वाहू नये, हे कुणीही म्हणेल. पण घराच्या हिशेबात काय झाले ते पाहा. मजुरी टबावर होती. बायको गेली म्हणजे नवऱ्याने एकतर फोडणे आणि भरणे दोन्ही करायचे, म्हणजे टब कमी; नाहीतर दुसरा गडी जोडीला घ्यायचा, म्हणजे पैसे वाटून. दोघांच्या कष्टाचे जे पैसे एका घरात येत होते ते आता अर्धे झाले. तेवढी भर घालायला बाई जमिनीवरच्या कामाला लागली. वाघिणी भरणे, कोळशातला दगड वेचणे ही कामे उरली होती, पण ती सगळ्यांना पुरणारी नव्हती. खाण-कामगाराची बायको ‘मजूर’ या सदरातून निघून ‘घरी असणारी’ या सदरात जाऊ लागली ती इथून.

नंतर दुसरे महायुद्ध आले. रेल्वे, कारखाने, फौज, सगळ्यांना कोळसा हवा होता आणि खाणीत माणसे नव्हती. लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळत असल्याने कामगार तिकडे जात होते. १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांवरची बंदी उठवली. ती आधी आपल्या मध्य प्रांतात उठली, मग बंगाल-बिहारात. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर जोरदार टीका झाली. बाबासाहेबांनी हा आणीबाणीतला तात्पुरता उपाय असल्याचे सांगितले, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट आहे हेही मांडले. समान कामाला समान दाम हे तत्त्व त्या काळी कुठल्या उद्योगात होते?

तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या बायकांसाठी खाण धोक्याची म्हणून कायदा केला, त्याच बायकांना कोळसा कमी पडताच पुन्हा खाली उतरवले. त्यांचे मत विचारल्याची नोंद कुठे दिसत नाही. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली आणि बायका पुन्हा वर आल्या.

बाबासाहेबांच्या त्या कारकिर्दीतली दुसरी बाजूही घराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, खाणीत उतरले आणि मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. १९४४ च्या आरंभी कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशांतून दवाखाने, पाणी, घरे, शाळा यांची सोय करायची, अशी ही योजना. खाणीतल्या बाळंतिणींसाठीचा कायदा १९४१ चा, तोही या वर्षांत सुधारला. १९४६ मध्ये पाळणाघरांचे आणि खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरांचे नियम आले. न्हाणीघर ही शहरी वाचकाला किरकोळ बाब वाटेल. पण नवरा खाणीवरच अंघोळ करून आला, तर घरी दोन हंडे पाणी वाचते, आणि ते पाणी आणणारी बाई कोण हे सांगायला नको.

याच युद्धकाळात गोरखपूर भागातून सरकारी यंत्रणेमार्फत कामगार भरती सुरू झाली. हे गोरखपुरी मजूर कुटुंबाशिवाय येत, छावणीत राहत, एकत्र जेवत आणि मुदत संपली की परत जात. व्यवस्थापनाला ते सोयीचे होते, कारण ज्याचे घर नाही त्याला घर द्यावे लागत नाही. एकीकडे ही छावणी आणि दुसरीकडे कंपनीच्या बसक्या ओळी, एकेका खोलीत एकेक कुटुंब, असे ते जग होते. आठवड्याचा पगार आठवड्याला मिळे. पगाराच्या दिवशी खिडकीपाशी सावकार उभा, थोडे पुढे दारूचे दुकान. म्हणून शहाण्या बायका पोराला कडेवर घेऊन स्वतःच त्या खिडकीजवळ जाऊन उभ्या राहत.

खाणीच्या घराची सर्वांत मोठी भीती म्हणजे अवेळी वाजणारा भोंगा. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसले आणि साठाहून अधिक कामगार गेले. ५ जानेवारी १९६० रोजी दमुआला पाणी घुसून १६ जण गेले. नागपूरजवळच्या सिल्लेवाडा खाणीत १८ नोव्हेंबर १९७५ रोजी १० जण असेच पाण्यात गेले. जुन्या, सोडून दिलेल्या कामात पाणी साठून राहते. नवी वाट खणताना मधली भिंत पातळ राहिली तर ते पाणी एकदम येते. उताराच्या खाणीत माणसाला पळायला वर जावे लागते, आणि पाणी खाली धावते. अशा अपघातांचे अहवाल असतात. त्यांत कारणे, जबाबदारी, शिफारशी असतात. पण तोंडाशी दोन-दोन दिवस बसून राहिलेल्या बायकांनी त्या वेळी चूल पेटवली की नाही, पोरांना कुणी जेवू घातले, याचा अहवाल नसतो. मोठ्या अपघातांखेरीज छत कोसळून एकदोघे जाण्याचे प्रसंग तर वर्षभर घडत. छत कोसळण्याला तिकडे ‘चाल बसली’ म्हणतात. हा शब्द त्या घरांतल्या पाच वर्षांच्या मुलालाही कळतो.

आता थोडे घरचे. माझी थोरली आत्या बुऱ्हाणपूरची. लग्न होऊन पेंच खोऱ्यातल्या एका खाणीच्या वसाहतीत गेली. आतोबा खाणीत ओव्हरमन होते. शाळेच्या सुट्टीत आम्ही इटारसीला आणि मग आमल्याला गाडी बदलून तिच्याकडे जात असू. म्हणून पुढचे जे लिहितो ते पाहिलेले किंवा तिच्या तोंडून ऐकलेले आहे.

तिच्या घरातले घड्याळ भिंतीवर नव्हते, भोंग्यात होते. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशा तीन पाळ्या. दर आठवड्याला पाळी बदले आणि तिच्याबरोबर घराचे जेवण, झोप, पोरांचा अभ्यास सगळे बदले. आतोबा रात्रपाळी करून आले की दिवसभर घरात कुजबुजत बोलायचे. आम्ही पोरे बाहेर अंगणात खेळलो तरी आत्या खिडकीतून बोट ओठांवर ठेवायची. पहाटेच्या पाळीला डबा तीन वाजता उठून. डब्यात भाकरी, कोरडी भाजी आणि गुळाचा खडा. गुळाने घशातली कोळशाची धूळ उतरते असा तिकडे समज आहे.

घरी जाळायला कोळसा खाणीकडून मिळे. संध्याकाळी प्रत्येक दारासमोर शेगडी पेटवून ठेवलेली असे. आधी शेणी, त्यावर काटक्या, त्यावर कोळसा. धूर निघून जाईपर्यंत ती बाहेरच ठेवायची आणि निखारे लाल झाल्यावर फडक्याने धरून आत न्यायची. त्या अर्ध्या तासात सगळी वसाहत धुरात बुडून जाई. बायका तेव्हा ओट्यावर बसून बोलत. ओळीतली सारी खबरबात त्या वेळी कळे. कुणी गोंड, कुणी बिहारी, कुणी छत्तीसगडी, कुणी सौंसरची मराठी. आत्याच्या पुरणपोळीला आणि शेजारणीच्या ठेकुव्याला एकच शेगडी लागे. गणपतीच्या दिवसांत आरती मराठीतून आणि प्रसाद सगळ्यांच्या घरचा. अंबाड्याच्या हिंगलाज मातेला वर्षातून एकदा सगळी ओळ मिळून जायची.

भिंतीला वर्षातून दोनदा चुना. तारेवर वाळत घातलेले कपडे झटकूनच आत घ्यायचे. आतोबांचे खाणीतले कपडे वेगळ्या बादलीत, सोडा घालून. त्या बादलीचे पाणी तिसऱ्यांदाही काळेच निघे. आत्याची सर्वांत ठाम सवय अशी, की पाळी सुटण्याच्या वेळी ती कुठेही असली तरी घरी येऊन दारात उभी राही. “दिवा परत जमा झाला म्हणजे माणूस वर आला,” असे ती सांगे. कामगार खाली जाताना दिवाघरातून दिवा घेतो, आपला बिल्ला ठेवतो. वर आल्यावर दिवा देतो. ज्याचा दिवा आला नाही तो अजून खाली आहे. तिने दिवाघर आतून कधी पाहिले नव्हते, पण त्याचे सगळे गणित तिला ठाऊक होते.

आत्याचा संसार सुरू झाला तेव्हा खाण खाजगी कंपनीची होती. जानेवारी १९७३ च्या अखेरीस सरकारने अशा खाणींचा कारभार हाती घेतला, १ मे १९७३ पासून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाल्यावर पेंच-कन्हानच्या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. घराच्या भाषेत सांगायचे तर पगार वाढला, दोन खोल्यांचे पक्के क्वार्टर मिळाले, दवाखाना मिळाला. कोळसा कामगारांचा भविष्यनिधी १९४८ पासून होता. १९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन आले, १९९८ मध्ये निवृत्तिवेतन योजना आली. कामगार गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळू लागली. या सोयींनी हजारो घरे सावरली, मुले शिकली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण याच काळात एक गोष्ट हळूहळू घडली. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी खाणींच्या पटावर ज्या रेजा होत्या त्यांची संख्या घटत गेली. वाघिणी यंत्राने भरल्या जाऊ लागल्या. स्त्री कामगाराने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर तिच्या मुलाला नोकरी, अशा योजना निघाल्या. आईने सही केली आणि मुलगा कामावर लागला. घरासाठी ते बरोबरच होते. कुठली आई नाही म्हणेल? पण अशा सह्यांनी, एकेकाळी नवऱ्याच्या बरोबरीने टब भरणाऱ्या बायकांच्या लेकी-सुना कागदावर ‘आश्रित’ झाल्या.

आतोबा वारल्यावर निवृत्तिवेतनाचे कागद भरायला मी आत्याबरोबर गेलो होतो. मी स्वतः राज्य शासनाचा नोकर. असे अर्ज रोज पाहतो. रकान्यात ‘आश्रित’ असे छापलेले होते. आत्याने मला वाचून दाखवायला सांगितले, सही केली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “तीस वर्षं रात्री तीनला उठून डबा दिला. तुझे आतोबा कुणाच्या आश्रयानं खाली जात होते, ते काही त्यात लिहायला जागा नाही.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यानंतर तो रकाना मला पूर्वीसारखा वाचता आलेला नाही.

२०१९ च्या आरंभी केंद्र सरकारने नियम बदलून स्त्रियांना ठरावीक अटींवर जमिनीखालच्या खाणीत काम करण्याची परवानगी दिली. अट अशी, की काम तांत्रिक, देखरेखीचे किंवा व्यवस्थापनाचे असावे आणि तिची लेखी संमती असावी. १९४३ मध्ये जे विचारले गेले नाही ते आता कागदावर मागितले जाते, हा फरक लहान नाही. त्या खोऱ्यांतल्या जुन्या खाणी मात्र एकेक करून बंद होत आहेत. कोळसा संपतो, किंवा काढणे परवडत नाही. खाण बंद झाली की पाळी नाही, भोंगा नाही. मग क्वार्टर रिकामी होतात, दारे-खिडक्या जातात, ओळीत झुडपे उगवतात. शेतकऱ्याच्या घराला मागे जमीन तरी असते. खाण-कामगाराचे घर कंपनीचे असते. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते आणि पन्नास वर्षांचा शेजार आठ दिवसांत पांगतो. कुणी छिंदवाड्याला, कुणी नागपूरला मुलाकडे, कुणी मूळ गावी, जिथे आता ओळखणारे कुणी नाही.

किल्ल्याचे तसे होत नाही. असीरगडाचा दरवाजा पडला तरी त्यावरचा शिलालेख कुणीतरी वाचून ठेवलेला असतो. या घरांचा शिलालेख नाही. तो आत्यासारख्या बायकांच्या आठवणीत आहे, आणि त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

आपल्या मंडळाच्या सभासदांत अनेकांचे नातलग परासिया, जुन्नारदेव, पाथाखेडा, चंद्रपूर, वणी, उमरेड इथे खाणीत होते हे मला माहीत आहे. त्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांपाशी या दिवाळीच्या सुट्टीत तासभर बसावे, एवढी विनंती. पगार कसा मिळे, पाणी कुठून आणत, बाळंतपण कुठे झाले, अवेळी भोंगा वाजला तेव्हा त्या कुठे होत्या, हे विचारावे आणि त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. चार घरांचे असे टिपण जमले तरी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्याला जागा द्यावी, असे मी संपादक मंडळाला सुचवत आहे. पहिले टिपण माझ्या आत्याचे देईन. तिने एक अट मात्र घातली आहे. तिच्या नावापुढे ‘आश्रित’ लिहायचे नाही.